सरपण म्हटलेला ओंडका

अहो टाविता,

पहाटेची प्रार्थना आटोपून, उपास धरून मी सातच्या बसने पुन्हा ऑकलंडच्या कलादालनात निघाले आहे. काल मैत्रिणीकडे जाते म्हणाले ते खोटं होतं, देव मला माफ करो.

तुम्ही सरपण म्हणून लाथाडलेला तो ओंडका, आपल्या मुलाने, इओसेफोने कोरलेला, तिथे मधल्या दालनात उभा आहे आणि भोवती ही गर्दी! मी हात लावला तर पहारेकरी म्हणाला, “मावशी, हात नाही लावायचा.” म्हटलं, “बाळा, ह्याच्यावर मी तीन वर्षं टॉवेल वाळत घातलेत.”

खाली पाटी आहे: ‘लाकूड वडिलांच्या अंगणातलं.’ वर्षभर तुम्ही त्याच्याशी अबोला धरलात, तरी त्याने ते लिहिलं.

दोन वाजता तो तिथे येईल. तुमचा चर्चचा सदरा इस्त्री करून ठेवलाय. डब्यात नारळाच्या रसातल्या अळकुड्या आहेत, तिघांपुरत्या. तुम्ही तो डबा घेऊन आलात की माझा उपास सुटेल.

मालिया