डावी बाही

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय चिऊ,

सकाळी दूध आणलं. दोन शर्टांना इस्त्री केली. दहाला क्लासला गेलो, बाराला परत आलो, सकाळचंच गरम करून जेवलो. आता तीन वाजलेत. रविवारी तू फोनवर विचारलंस, छोटी पेन्सिल डाव्या हाताने धरते, शाळेतल्या बाई म्हणतात आत्ताच वळण लावा, तर दादाचा हात तुम्ही कसा सुधारलात? मी दारावर कुणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं. सोमवारी तू बाईंना काय ते सांगणार आहेस. त्याआधी हे पत्र पोचायला हवं. तोंडाने मला सांगता आलं नसतं.

क्लास म्हणजे गिटारचा. तुला सांगितलं नव्हतं. दादा गेल्यावर त्याची खोली रिकामी करायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी पलंगाखालून गिटार काढून दिली. मी दर महिन्याला त्या खोलीवर जायचो, त्याच पलंगावर बसून चहा प्यायचो. गिटार कधी दिसली नव्हती. बाई म्हणाल्या, रोज वाजवायचा हो, फक्त तुम्ही येणार असलात की आत सरकवायचा. मी धन्यवाद म्हणालो आणि घेऊन आलो. चार महिने ती कपाटाला टेकून उभी होती. शेवटी सायकलच्या दुकानावर एक क्लास आहे, तिथे नाव घातलं. शिकवणारी मुलगी तुझ्याहून लहान आहे, मला काका म्हणते. बाकी सगळ्या दुपारच्या शाळेतल्या पोरी. पहिल्या दिवशी त्यातली एक म्हणाली, आजोबा, चुकलात, ज्येष्ठ नागरिक संघ खालच्या गल्लीत आहे. मी म्हटलं, तिथे घेतलं नाही, वय कमी पडलं.

वाजवायला बसलो तर काहीच जुळेना. क्लासची बाई सांगेल ती तार माझ्याकडे भलतीकडेच. मला वाटलं गिटारच बिघडलेली आहे, तसं बोललोही. पोरी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हा बाईने गिटार हातात घेतली, बघितली आणि म्हणाली, काका, ही डावखुऱ्याची आहे. जाड तार वर हवी, इथे ती खाली आहे. मुद्दाम उलट्या लावून घेतल्यात. मी म्हटलं, माझा मुलगा उजवा होता. ती म्हणाली, मग कुणाची तरी जुनी घेतली असेल. एवढं बोलून तिने गिटार खिडकीपाशी उजेडात धरली. भोकाजवळ लाकूड घासू नये म्हणून काळी पट्टी चिकटवलेली असते. ती कोरी होती. ओरखडे सगळे तिच्या समोरच्या बाजूला, उघड्या लाकडावर. पुष्कळ वर्षांचे. नवीनही होते.

बाई म्हणाली, दहा मिनिटांचं काम आहे, तारा फिरवून देते, तुम्हाला सोपं जाईल. मी नको म्हटलं. तेव्हापासून मी उलटा शिकतोय. उजव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या आणि डाव्याने छेडायच्या. माझा डावा हात चाळीस वर्षं फक्त कापड धरून बसलेला, त्याला ताल कुठला? बाई एक दोन तीन चार मोजते, तो दोनलाच अडकतो. दोन महिन्यांत दोन कॉर्ड आले, तेही एकाचा दुसरा करताना मधे एवढा वेळ जातो की पोरी म्हणतात, आजोबा, चहा घेऊन येऊ का तोवर? मला राग येत नाही. हात ऐकत नाही म्हणजे काय होतं ते मला या वयात कळतंय.

आता तू विचारलंस ते. तू तेव्हा पाळण्यात होतीस. दादा सात वर्षांचा होता. मी कापड कापायचो त्या शिंप्याच्या दुकानात येऊन बसायचा. एकदा मी मालकांशी बोलत असताना त्याने माझी मोठी कात्री डाव्या हातात घेतली आणि टेबलावरचा कोटाचा तुकडा कापायला गेला. ती कात्री उजव्या हाताची, डाव्यात कापड चावते. गिऱ्हाइकाचा तुकडा गेला. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, कटरच्या पोटी डावरा निघाला. मला ते लागलं. नवखा कटर पॅटर्न उलटायला विसरतो आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापतो, त्याला आम्ही हसायचो. मी घरी येऊन तेच करायला बसलो, पोराला दोन उजवे हात करायला. त्याच्या शर्टाच्या डाव्या बाहीचं तोंड मी टाके घालून बंद केलं. हात आत, बाही शिवलेली, आणि अभ्यास उजव्याने. संध्याकाळी तुझी आई शर्ट धुवायला घेताना टाके उसवायची, सकाळी मी पुन्हा घालायचो. त्यावरून आम्ही दोघं एक शब्दही बोललो नाही, ती गेली तोपर्यंत. सहा महिने हे चाललं. एका सकाळी मला दुकानात जायला उशीर झाला होता, मी तसाच निघालो. तो शर्ट घालून दारात आला, उजव्या हातात सुईदोरा घेऊन. म्हणाला, "बाबा, आज राहिलंय." आणि हात पुढे केला. मी टाके घातले, चिऊ. मला वाटलं, सुधारला. पुढच्या महिन्यात तो उजव्याने लिहायला लागला, आणि मी दुकानात सगळ्यांना सांगितलं. हात असा सुधारला. छोटीला काही करू नकोस. शाळेतल्या बाईंनी पुन्हा विचारलं तर सांग, तिचे आजोबा कटर होते आणि ते नाही म्हणालेत.

पाकीट घेऊन चारच्या आत टपालात टाकतो. आधी उजव्या हाताची नखं कापायची आहेत, तारेवर लागतात. डाव्या हाताने कापायला वेळ लागतो.

तुझाच,
बाबा