रिपोर्टातलं शून्य

१२ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं रक्त मी माझ्या हाताने आमच्या लॅबच्या मशीनला लावलं. स्वादुपिंडात कॅन्सर झाला की तिथल्या पेशींच्या प्रथिनांवरची साखर बदलते आणि रक्तात उतरते. तीच आम्ही मोजतो. धडधाकट माणसातही पाच-दहा निघते. तुझी शून्य. तेव्हा स्कॅनचं खूळ डोक्यातून काढ. वजन उतरलं म्हणतेस. तुझी वहिनी म्हणते, कसं ते आम्हालाही शिकव.

आईला इकडे आणणं जमणार नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तू तिला उचलतेस, न्हाऊ घालतेस, तिला तुझ्या हाताची सवय आहे. निदान तिच्यासमोर तरी आजारपणाचं सोंग आणू नकोस.

लोभ आहे, तो टिकेल असं वाग.
तुझा दादा

९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डोळे पिवळे झाले म्हणून स्कॅन केला. गाठ लिंबाएवढी आहे. जानेवारीत काढता आली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता यकृतातही गेली आहे. तुझं शून्य त्यांना दाखवलं. काही जणांत ही साखर जन्मापासून बनतच नाही, म्हणाल्या. त्यांना काहीही होवो, आकडा शून्यच. घरात आणखी कुणाचं असं आहे का, त्यांनी विचारलं.

आहे, म्हटलं. मशीन नवं आलं तेव्हा तू आधी स्वतःचं रक्त लावलं होतंस. शून्य का आलं, ते तुझ्या साहेबांनी समजावलं आणि तू आईला चार पानं भरून कळवलंस. ती पानं मीच तिला वाचून दाखवली होती. मला आठवायला उशीर झाला. तुझं तर ते रोजचं काम.

मला आता तिला उचलवत नाही. गुरुवारी अँब्युलन्सने ती तुझ्याकडे येईल. दादानेच हट्ट धरला, असं सांगितलंय. खूश आहे. माझ्या आजाराचं तिला ठाऊक नाही; ते तू सांग.

लोभ होता.
ठमी

१९ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आई पोचली. चौघांनी खुर्चीतून वर आणली.

माझं शून्य मला माहीत होतं, नाही म्हणत नाही. पण भावाचं ते बहिणीचं असेलच असं नाही, आणि मशीन दाखवतं तेच रिपोर्टात लिहायचं असतं.

आई घास तोंडात धरून तुझी वाट बघायची. तुझा आजार तिला या वयात झेपायचा नाही. म्हणून सांगितलं, की ठमी तुला कंटाळली, तिनेच धाडलं. दोन दिवस तिला खरं वाटेना. काल वाटलं. आता नीट जेवते. तुझं नाव काढत नाही.

प्रकृतीला जप. आमच्याकडून लोभ तसाच आहे.
तुझा दादा