दोन माणसांचा गॅस

ती. ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठणठणीत आहे (खोकला सोडून, तो आताशा घरचाच झालाय).

पत्रास कारण की, कुठली घरं किती गॅस जाळतात यावर संशोधन चाललंय आणि त्यात माझा नंबर लागलाय. एक चष्मेवाली मुलगी दर सोमवारी वजनकाटा घेऊन सिलिंडर तोलायला येते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, भाव दुप्पट झाला तर वापर किती कमी कराल? म्हटलं, बाई, एक कप चहा अर्धा कसा उकळायचा? बरं, उत्पन्न वाढलं तर? खरं ते सांगितलं: पेन्शन वाढली म्हणून दोन्ही वेळचा डबा लावला, आणि शेगडी जवळजवळ बंदच पडली. तिनं कपाळाला हात लावला. सगळ्यांची रेघ वर जाते, तुमचीच खाली का, म्हणे. आता तिला काय सांगू? ही होती तेव्हा भाव कितीही चढो, दोन्ही बर्नर पेटलेले असायचे. आता फुकट दिला तरी एकट्यासाठी काडी ओढावीशी वाटत नाही. (हे तिच्या रकान्यात बसेना.)

जाता जाता ती म्हणाली, वापर इतका कमी राहिला तर तुमचं घर यादीतून गळेल. म्हणजे तिचं येणं बंद! घरात येऊन "काका, बरे आहात ना?" विचारणारं दुसरं आहे कोण? (डबेवाला कडीला डबा अडकवून पळतो.) मग मी कंबर कसली. सकाळपासून पातेली भरभरून पाणी उकळायला लागलो. भिंती ओल्या झाल्या, कॅलेंडर गळून पडलं, आणि एवढी वाफ बघून शेजारीणबाई बाळंतीण कोण आलीय ते विचारायला आल्या. घटकाभर बसल्या, बरं वाटलं.

सोमवारी काटा बघून मुलगी चाटच पडली. एकट्या माणसानं एवढा गॅस जाळला? माझं त-त-प-प झालं. तोंडातून निघून गेलं, एकटा कुठे, मोठी बहीण राहायला आलीय, तिला सारखं गरम पाणी लागतं. तिनं लगेच 'माणसं दोन' लिहून टाकलं.

बाकी क्षेम. मी मजेत आहे, काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या सोमवारी तिचे साहेब स्वतः पडताळणीला येणार आहेत. भावाला खोटं पाडू नकोस, त्याआधी ये.

आणखी ता. क. साहेब वगैरे कोणी यायचे नाहीत, ते मी रचलं. पण बहीण आलीय असं सांगताना इतकं बरं वाटलं ताई, की त्या संध्याकाळी मी चहा दोघांचा टाकला. ये गं.