खाटेच्या पायाला बांधलेली गाडी

अप्पा,

तुमची गाडी चोरीला गेली. एवढं एकच वाक्य लिहायचं ठरवून बसले होते, पण थांबवत नाही, कारण चोरापेक्षा तुमचाच राग जास्त आला आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तरी तुमच्यावर चिडायची सोय कुठं होती? तुमचा आवाज चढला की अव्वाचं भाकरी थापणं थांबायचं आणि मी पुस्तकात डोकं खुपसायची. तेव्हाचं सगळं तुंबलेलं आहे. अव्वा आत माझ्या खोलीत झोपली आहे, डोळ्यावर पट्टी आहे. आजच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलंय, वाकायचं नाही, जोरात खोकायचं नाही, आणि रडायचं तर अजिबात नाही. मघाशी तिनं पडल्या पडल्या विचारलं, गाडीवर कव्हर घातलंस का. मी म्हटलं, घातलं की.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण तुम्ही ते कायम खिडकीच्या बाहेरून पाहिलंत. आत मी आणि अव्वा, आम्ही मायलेकी होतो. शुक्रवार पेठेतलं आपलं घर बोळात, दारात दोन पायऱ्या, अंगण नाही, गाडी लावायची ती रस्त्यावरच. गाडीच्या आधी तुमची सायकल होती आणि ती भर दुपारी दारातून गेली. मग वर्षभर तुम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत चालत गेलात, टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर बिघडलेले माग दुरुस्त केलेत आणि चालत परत आलात. ते मी विसरलेले नाही. म्हणून फटफटी घेतल्यावर तुम्ही साखळी आणलीत, इथपर्यंत मला मान्य आहे. पण ती बांधलीत कुठं? पुढच्या चाकातून काढून, खिडकीच्या गजातून आत घेऊन, अव्वा ज्या लोखंडी खाटेवर झोपायची तिच्या पायाला. कुलूप आत, खाटेखाली. कुणी गाडीला हात लावला की साखळी ताणणार, खाट हलणार आणि अव्वा जागी होणार. ही युक्ती तुम्ही कारखान्यात सगळ्यांना सांगायचात आणि लोक मान डोलवायचे. तुम्ही स्वतः कुठं झोपता, हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. तुम्ही आतल्या खोलीत झोपायचात, पंख्याखाली.

साखळीमुळं त्या खिडकीचं दार कधी पूर्ण लागलंच नाही. थंडीत वारं, उन्हाळ्यात फुफाटा, आणि बाराही महिने बोळातली धूळ. अव्वा तोंडावर पदर घेऊन झोपायची आणि सकाळी डोळे चोळत उठायची. संध्याकाळी तुम्ही हॉर्न वाजवला की तिनं गॅस बारीक करून पळत यायचं आणि पिठाच्या हातानं साखळीचं टोक आत ओढून घ्यायचं. एकदा, मी चौथीत असेन, शाळेतून आले तर दाराला आतून कडी. हाका मारल्या, कुणी ऐकेना, म्हणून मी बाहेरून साखळी ओढली. त्या दिवशी तुमची सुट्टी होती हे माझ्या लक्षात नव्हतं. अव्वाच्या आधी तुम्हीच दारात आलात. मारलं नाहीत. 'लई हौस हाय न्हवं साखळीची? आता तूच राख,' म्हणालात आणि मला गाडीशेजारी पायरीवर बसवलंत, दप्तरासकट, दिवे लागेपर्यंत. बोळातली सगळी पोरं बघून गेली. अव्वानं खिडकीच्या गजातून कडक भाकरीचा तुकडा दिला, शेंगाचटणी लावून. मी बाहेर आणि ती आत, मधे साखळी. त्या तुकड्याची चव मला अजून आठवते आणि अजून चीड येते.

घरात गाडी असून आपण लग्नाला एसटीनं जायचो. लग्नाच्या गर्दीत गाडी लावायची कुठं, तिथं नजर कोण ठेवणार, असा तुमचा हिशेब. मग गाडी घरी, आणि गाडी घरी म्हणजे कुणीतरी घरी. ते कुणीतरी प्रत्येक वेळी अव्वाच. तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायला तुम्ही आणि मी गेलो. मावशीनं मला जवळ घेऊन विचारलं, ताई कुठंय, आणि मी खरं ते सांगितलं. मांडवातले लोक हसले. तुम्हीही हसलात, अप्पा.

बोळाच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असलेल्या चाचांची गाडी गेली, तेव्हा तर तुम्ही जिलेबी आणलीत. चाचा ओट्यावर डोकं धरून बसलेले, आणि आपल्या घरात जिलेबी. नुसतं हँडल लॉक करून झोपतात लोक, असं तुम्ही घास चावत म्हणत होतात. अव्वानं खाल्ली नाही. तिनं तिच्या वाटणीची पदराखाली झाकून चाचांच्या घरी नेऊन दिली, हे तुम्हाला आज कळतंय.

आणि चावी. साखळीच्या कुलपाची चावी तुम्ही गळ्यात लिंगाच्या दोऱ्याला, शिवदाराला, बांधलीत. शिवदाराला लोखंड बांधतं का कुणी, असं अव्वा पहिल्यांदा आणि शेवटचं तुम्हाला तोंडावर बोलली. तुमचं म्हणणं, आंघोळीला, झोपायला, कुठंही अंगावरून उतरत नाही अशी एकच वस्तू माझ्याकडं आहे, मग चावी दुसरीकडं कशाला. दुसरी चावी तुम्ही कारखान्याच्या ग्राइंडरवर घासून संपवून टाकलीत. दुसरी असली की हरवते आणि हरवली की चोराला सापडते, म्हणालात. मला नोकरी लागली, मी स्कूटर घेतली, तेव्हाही तुम्ही पेढा हातात घेतला नाहीत. नव्या पेठेत जाऊन, दुकानदाराला वैताग येईपर्यंत एकेक साखळी ओढून बघून, एक जाडजूड साखळी माझ्यासाठी आणलीत, कुलपासकट. तिचीही एकच चावी. मी ती कागदातून बाहेरसुद्धा काढली नाही.

मग तो दिवस. तुम्हाला दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती. छातीवर हात, घामानं शर्ट भिजलेला. अव्वा तुमच्या मागं चप्पल घालत होती. रिक्षात बसताना तुम्ही तिला हातानं थांबवलंत आणि म्हणालात, 'गाडी नोडको.' गाडीकडं बघ. बस्स. घरात कन्नड तुम्ही फक्त तिच्याशी बोलायचात, जवळच्या माणसाची भाषा म्हणून, आणि त्या भाषेत तुम्हाला शेवटी हे बोलायला सुचलं. ती चप्पल काढून परत आत गेली. मी तुमच्याबरोबर आले. तुम्ही गेलात तेव्हा ती खाटेवर बसून गाडी बघत होती.

रुद्रभूमीत, आपल्या रीतीप्रमाणे, खड्ड्यात तुम्हाला बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, विभूती लावली, बेलाची पानं घातली. स्वामींनी मंत्र म्हटले आणि सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. दारासमोर माणसांना बसायला जागा करायची म्हणून संध्याकाळी मामा गाडी हलवायला गेला आणि त्यानं विचारलं, चावी कुठंय? मग मावशीला आधी हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तिला रडू कोसळलं. चावी तुमच्या गळ्यात होती. तुम्ही ती घेऊनच गेलात. मामा पहार शोधायला लागला तेव्हा अव्वा म्हणाली, असू द्या, गाडी कुटं जातीया.

आणि ती तशीच राहिली, इतकी वर्षं. टायर बसले, किक गंजली, सीटचा स्पंज उंदरांनी नेला. अव्वा रोज सकाळी ती पुसायची, तिन्हीसांजेला कव्हर घालायची आणि त्याच खाटेवर झोपायची. मी माझ्याकडं चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, गाडी कोण बघणार. डोळे गढूळ व्हायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, एक डोळा जवळजवळ गेलाय, दुसऱ्याचं ऑपरेशन आता लांबवलंत तर तोही जाईल, आणि नंतर धुळीत राहायचं नाही. तरी ती उठेना. परवा परवा माझा तोल सुटला. मी म्हटलं, अव्वा, भंगारवालासुद्धा हात लावणार नाही या गाडीला, कुणासाठी राखतेस? ती म्हणाली, 'मला त्येंनी जल्मात येवढं एकच काम भरवशानं दिलं. बाकी समद्यात माजी अक्कल काढली. येवढं तरी नीट करू दे की.'

ऐकताय ना, अप्पा? एका बाईच्या सगळ्या संसारात तुम्ही भरवशानं दिलेली गोष्ट ही. वॉचमनला जे काम देतात ते. आणि तिनं ते उराशी धरलं, कारण दुसरं काही धरायला तुम्ही ठेवलंच नव्हतं.

शेवटी ती तयार झाली ती एका अटीवर, गाडी पण येणार. साखळी कापायला वेल्डिंगवाले चाचा आले, तेच, ज्यांच्या चोरीवर तुम्ही जिलेबी खाल्लीत. आता त्यांची दाढी पांढरी झाली आहे. कटर सुरू करायच्या आधी ते अव्वाला म्हणाले, 'हल्लू काटतूं भाभी, गाडी को धक्का नै लगता.' ठिणग्या उडाल्या, साखळी खाटेखाली गळून पडली. अव्वानं तिचे तुकडे गोळा केले आणि फडक्यात बांधून घेतले. मग मी खिडकीचं दार ओढून पाहिलं. बिजागऱ्या धरल्या होत्या, तेल घालूनही लागलं नाही. टेम्पोत गाडी चढवली, ड्रायव्हरशेजारी अव्वा बसली आणि वाटभर मागं वळून बघत आली.

माझ्या इमारतीत गेट आहे, वॉचमन आहे, पार्किंगमध्ये कॅमेरा आहे. अव्वा म्हणाली, कुलूप लाव की गं. मी म्हटलं, इथं गरज नाही, वर कॅमेरा आहे. तुम्ही दिलेली साखळी कपाटात होती, मला आठवलीही होती. नाही लावली. तुमची साखळी पुन्हा त्या गाडीला लावायची नाही, हा माझा हट्ट. आज आम्ही ऑपरेशनला गेलो असताना, भर दुपारी, दोघं टेम्पो घेऊन आले, भंगार न्यायला मॅडमनी बोलावलंय म्हणाले, आणि गाडी घेऊन गेले. वॉचमननं गेट धरलं, वर एका बाजूनं उचलूही लागला. सगळं फुटेज आहे. सायकल अशीच गेली होती ना, भर दुपारी? तुम्ही बरोबर ठरलात, अप्पा. कॅमेरा, गेट, माणूस, कशाचा उपयोग झाला नाही, आणि साखळी असती तर गाडी राहिली असती. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मेल्यावरसुद्धा माझ्यासमोर तुम्ही बरोबर ठरावं, आणि ते मला अव्वाला सांगायची वेळ यावी.

काल इथं हात थांबला. आज सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. काळा चष्मा दिलाय. अव्वा रिक्षात बाहेरच्या पाट्या वाचत होती, लहान पोरासारखी, एकेक अक्षर. मी तिला गेटातच उतरवलं, बोलण्यात गुंतवून लिफ्टकडं नेलं. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, असं सांगायचं पाठ करून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते. मागं वळून पाहिलं तर ती गॅलरीत उभी. खांबाजवळची ती जागा तिथून सरळ खाली दिसते. चोरांनी कव्हर तेवढं टाकून दिलं होतं, वॉचमननं ते घडी घालून खांबाशी ठेवलं होतं. ती कठड्याला धरून बघत राहिली. चष्मा काढला, परत घातला, परत बघितलं. मी ओल्या हातांनी तशीच दारात उभी राहिले. ती आत आली, खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, 'खिडकी लाव गं. धूळ येतीया.'

मी लावली. लगेच लागली. अव्वा एका कुशीवर झोपली ती दिवेलागणीपर्यंत. इतक्या गाढ झोपेत मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, घाबरून दोनदा नाकाशी हात धरून बघितला. उठल्यावर तिनं चहा मागितला. गाडीचं नाव काढलं नाही.

हा कागद टाकायला कुठली पेटी नाही. कपाटात तुमच्या साखळीच्या पुडक्यातच ठेवून देईन. सोसायटीचे सेक्रेटरी कालपासून मागं लागलेत, पोलिसात तक्रार दिली का म्हणून. मी देते म्हणते. दिलेली नाही, अप्पा. फुटेजमध्ये टेम्पोचा नंबर इतका स्वच्छ दिसतोय की तक्रार दिली तर गाडी नक्की सापडेल.