मास्कसाठी उतरवलेली मिशी

वाकोला, ४ मार्च १९८४

तीर्थरूप बाबा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून सहदेवचा नमस्कार.

आम्ही दोघं भाऊ खुशाल आहोत. गिरणीतली नोकरी सुटल्यावर आता मला वर्सोव्याला काम मिळालंय. बुडी मारून होड्यांचे तळ खरवडायचे. डोळ्या-नाकावरचा काचेचा मास्क आणि श्वासाची नळी मात्र आपली आपण आणायची.

अंधेरीचा दुकानदार म्हणाला, "पट्टा लावू नकोस. नुसता तोंडावर दाब आणि नाकाने श्वास ओढ. चिकटून राहिला तर तुझा." सहा लावले, सहाही पडले. "मिशीतून हवा शिरते रे," तो म्हणाला. समोरच्या सलूनात मिशी उतरवली आणि सातवा झकास बसला.

घरी आलो तेव्हा उन्हासाठी डोक्याला रुमाल बांधलेला होता, केस दिसत नव्हते. लवूदादाने माझा ओठ पाहिला आणि थेट तोंडावर गुद्दा हाणला. "बापूस गेलो, आणि माका सांगूक नाय?" बाबा जिवंत आहेत म्हणून मी ओरडलो, तर त्याने मला भिंतीवर आपटलं. "बापूस जितो आसताना मिशी काढलंस?" मास्क टाचेखाली फोडला, मला लाथा घातल्या. शेजाऱ्यांनी त्याला ओढून काढलं म्हणून वाचलो. पुढचे दोन दात गेले. नळी दातांतच धरायची असते.

त्याच्यावर रागावू नका. तेव्हापासून तो जेवत नाही, पोस्टमनची वाट बघतो. तुमचा खोकला कसा आहे?

उत्तर तुम्हीच लिहा. दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं, तर दादा वाचायच्या आधी मला मारील.

तुमचा,
सहदेव