क्षमेवरचं टिपण

अहो,

चिंचेचं सारू उकळून झालंय, भात तेवढा लावून घ्या. सत्काराची शाल घडी करून कपाटात ठेवली आहे. मी धारवाडला अक्काकडे जाते, आणायला येऊ नका.

काल मंडळात 'क्षमा' या शब्दावर तुम्ही स्वतःचं म्हणून वाचलंत, ते टिपण माझं होतं. संस्कृतात त्याचं मूळ सोसण्यात आहे, हे शोधत मी उन्हाळाभर कोश चाळले. तुम्ही माझं नाव गाळलंत, तेही मी सोसलं असतं. पण रोज चूल सारवताना 'आजचं सोसलं, आजचं सोडलं' म्हणणारी माझी आई तुम्ही तुमची करून टाकलीत. लोकांनी डोळे पुसले.

तुमच्या आईंनी आयुष्यात कुणाला काय सोडलं, ते आधी त्यांच्या सुनेला विचारायचं होतं.

हेमावती