मांजरांना कोंडू नये

मी, ओचि फुसाए, कै. ओचि शिगेयुकि यांची पत्नी, राहणार एहिमे प्रांतातील मिनोउरा बंदर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गाठ स्वादुपिंडात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे संत्र्यांचा हंगाम सुरू झालेला मला दिसेल. संपलेला दिसेल असे ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारले नाही. हे मी स्वखुशीने सांगत आहे, कोणी बळजबरी केलेली नाही. नोटरी श्री. कुवाता माझ्या अंथरुणाशेजारी बसून मी बोलते तसे उतरवून घेत आहेत. सुरुवातीलाच ते म्हणाले, “आजी, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत हो.” मी म्हणाले, “मरणार मी आहे ना? मग लिहा.”

कलम १. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे चार मांजरे राहतील. सुमि, काळी, म्हातारी. नुइ, राखाडी, भित्री. अझुकि, तपकिरी, चोरटी. आणि हाचि, कपाळावर भांग पाडल्यासारखा काळा-पांढरा बोका. या कागदाचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे.

कलम २. माझा भाचा काझुनारि ओसाकाला असतो. त्याला माझ्या भावाचे मनगटी घड्याळ द्यावे. दुसरे काही देऊ नये. मे महिन्यात तो भेटायला आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, “आत्या, तू गेल्यावर मांजरांचं काय ते मी बघतो. सरकारी आरोग्य केंद्रात नको असलेली जनावरं घेतात, फोन केला की गाडी येते.” मी विचारले, “घेतात आणि मग काय करतात रे?” तर म्हणाला, “आता चार मांजरं म्हणजे काही चार माणसं नव्हेत.” तो मनाने वाईट नाही. पण गाडी बोलावायला त्याला जराही वेळ लागणार नाही, आणि त्या गाडीतून म्हातारी मांजरे परत येत नाहीत हे बंदरावर सगळ्यांना माहीत आहे. म्हणून माझ्या घराची किल्ली त्याच्या हाती पडता कामा नये.

कलम ३. माझे राहते घर, त्यामागची पत्र्याची शेड आणि पोस्टात जे काही शिल्लक असेल ते सर्व मी माझ्या वन्सं, यजमानांच्या थोरल्या बहीण ओचि तोमिए, यांना देते. अट अशी की त्यांनी चारही मांजरांना याच घरात मरेपर्यंत सांभाळावे. सुमिचे वेगळे आहे, ते पुढे येईल.

हे ऐकून श्री. कुवातांनी लेखणी खाली ठेवली. आम्ही दोघी बोलत नाही हे त्यांच्याही कानावर होते. यजमान गेल्यापासून वन्सं आणि मी एकमेकींशी गरजेपुरतेही बोललेलो नाही. त्या दोन घरे वर राहतात, चढावर समोरासमोर आलो की दोघीही समुद्राकडे बघतो. तरी घर त्यांनाच. कारण खाली दिले आहे.

कलम ४. यजमानांची इंजिन दुरुस्तीची हत्यारे मच्छीमार संघाच्या दुरुस्तीखान्याला द्यावीत. तेलाचे हात पुसून मगच ते घरात यायचे, एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकायला हवी असे तिथल्या पोरांना माझ्या वतीने सांगावे. शेडच्या दाराचे कुलूप मात्र कोणाला देऊ नये. ते धक्क्यावरून खोल पाण्यात टाकावे.

कलम ५. कुलपाचे कारण.

यजमान ऑगस्टमध्ये गेले. दुपारी इंजिनाखाली निजले होते ते उठलेच नाहीत. त्यांना घरात आणून उत्तरेकडे डोके करून निजवले, रीतीप्रमाणे छातीवर सुरी ठेवली, उशाशी भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या खोवल्या. आणि वन्संनी पहिले काम केले ते मांजरांना शेडमध्ये कोंडण्याचे. मांजर प्रेतावरून गेले तर प्रेत उठून बसते, असे आमच्याकडे जुनी माणसे मानतात. वन्सं तर छातीठोकपणे मानत.

तेव्हा आमच्याकडे तेत्सु नावाचा बोका होता. यजमानांचा लाडका, त्यांच्या हत्यारांच्या पेटीत झोपायचा. बोक्यांची लघवी तुंबते. बारीक खडे होतात, वाट बंद होते, आणि दीड-दोन दिवसांत जनावर मरते. तेत्सुला एकदा असे झालेले होते, जनावरांच्या डॉक्टर निशिओकांनी नळी घालून त्याला वाचवले होते. त्यानंतर रोज त्याच्या लघवीची वाळू तपासायची हा नेम होता. यजमान सकाळी, मी संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी व्हायचा होता. पण पंचांगात तो दिवस तोमोबिकि निघाला. त्या दिवशी प्रेत जाळले तर मेलेला माणूस सोबतीला आणखी कोणाला तरी ओढून नेतो, म्हणून स्मशानातली भट्टीच बंद असते. विधी एक दिवस पुढे गेला. यजमान बर्फावर, माणसांची रीघ लागलेली, आणि मी विधवा, उशाशी बसून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते. उदबत्ती विझू द्यायची नसते. मी वन्संना हळूच म्हणाले, “वन्सं, तेत्सुला लघवी होतेय का तेवढं बघता? नाहीतर किल्ली द्या, मी जाऊन येते.”

त्यांनी आवाज खाली केला नाही. “नवरा पुढ्यात निजलाय आणि हिला मांजराच्या मुताची पडलीये!”

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. संध्याकाळी मी पुन्हा किल्ली मागितली. म्हणाल्या, “दार उघडलं की ती मेली आत घुसतील. जिवंतपणी माझ्या भावाच्या उरावर नाचलीत तेवढी पुरे.” किल्ली त्यांच्या कमरेला बांधलेली होती.

अस्थी घेऊन परत आलो तेव्हा शेड उघडली. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखे तापले होते. बाकीची मांजरे पाण्याच्या रिकाम्या भांड्याशी पडली होती. तेत्सु लेथ मशीनच्या मागे होता. त्याचे पोट ढोलकीसारखे घट्ट झाले होते, आणि त्याने पेटीच्या लाकडावर इतके ओरखडले होते की नखे उखडली होती. मी त्याला उचलले तेव्हा वन्सं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “शिगेयुकिनं सोबतीला नेलं. माणसाऐवजी मांजर गेलं, बरंच झालं.”

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. मी त्यांना क्षमा केलेली नाही हे या कागदावर स्पष्ट नोंदवते, म्हणजे मी गेल्यावर कोणी ‘मनाने मोकळी होऊन गेली’ असे म्हणायला नको.

कलम ६. तरी घर त्यांनाच का, याचे कारण.

गेल्या हिवाळ्यात मला अचानक इस्पितळात नेले. गाठ तेव्हाच सापडली. पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात, की हाचिचे काय होत असेल. तोही तेत्सुच्याच वाटेचा, त्याचीही दोनदा तुंबलेली. घरी परतले तेव्हा मेलेले मांजर बघायची मनाची तयारी करूनच दार सरकवले. आत वन्सं होत्या. मागच्या बाजूने आत कसे यायचे ते त्या लहानपणापासून जाणतात, त्यांच्या बापाचेच घर ते. एवढ्या म्हाताऱ्या बाई, गुडघे वाकत नाहीत, आणि वाळूच्या ट्रेसमोर गार फरशीवर ओणव्या बसल्या होत्या. हाचि ट्रेमध्ये बसला होता आणि त्या श्वास रोखून ऐकत होत्या. मला बघून दचकल्या. मग वाळूकडे बोट दाखवून म्हणाल्या, “झाली. आज दुसऱ्यांदा झाली. चांगली मोठी.” आणि चप्पल घालून निघून गेल्या.

मी त्यांना सांगितले नव्हते, दुसऱ्या कोणीही सांगितले नव्हते. या बंदरावर बोक्याची लघवी ऐकत बसणारे आम्हा दोघींशिवाय तिसरे माणूस नाही. म्हणून घर त्यांना.

कलम ७. वन्संनी पाळायच्या गोष्टी. त्यांना वाचायला त्रास होतो, तेव्हा श्री. कुवातांनी मोठ्या अक्षरात वेगळी प्रत द्यावी.

हाचिला सुके मासे अजिबात घालू नयेत. वन्संचा जन्म बांगडे-तारली उकडून वाळवण्यात गेला, त्यांच्या खिशातही सुके मासेच असतात, आणि बंदरावरचा प्रत्येक माणूस प्रेमाने बोक्यांना तेच चारतो. त्या प्रेमानेच खडे होतात. त्याला ओले खाणे द्यावे, वर दोन चमचे पाणी घालावे. ट्रेमध्ये बसतो आणि काही होत नाही, पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो, खालचे चाटत राहतो, असे दिसले तर सकाळची वाट बघू नये. सण असो, सुतक असो, निशिओकांना तेव्हाच फोन करावा.

अझुकि दोरा गिळते. शिवणाची पेटी बंद ठेवावी. मागून दोरा लोंबताना दिसला तर वन्सं नक्की ओढायला जातील. ओढू नये. आतडे कापले जाते.

नुइ पाहुण्यांच्या बुटांत मुतते. हा माज नव्हे, भीती आहे. ती त्या शेडमध्ये होती, तेव्हा पिल्लू होती. ओरडू नये, मानगूट धरू नये. तिच्याकडे पाठ करून बसावे, ती आपली आपण येते. वन्संना पाठ करून बसायची सवय आहे, त्यांना हे जमेल.

माझ्या तसबिरीपुढे फुले ठेवू नयेत. विशेषतः लिली, जी लोक हमखास आणतात. तिचा पराग अंगावर पडून चाटण्यात आला तरी मांजराचे मूत्रपिंड जाते. कोणी आणलीच तर दारातूनच परत करावी. माणूस दुखावेल. दुखावू द्या.

कलम ८. सुमि. तिचे मूत्रपिंड जवळजवळ संपलेले आहे. एक दिवसाआड मी तिच्या कातडीखाली सलाईन देते. ती दुसऱ्या कोणाला सुई टोचू देत नाही आणि वन्संचे हात थरथरतात. सुईवाचून ती आठवडाभर तळमळून मरेल. तेव्हा मी गेले की त्याच दिवशी निशिओकांनी घरी यावे आणि सुमिला झोपेचे शेवटचे इंजेक्शन द्यावे. टोपलीत घालून दवाखान्यात नेऊ नये, टोपलीला ती घाबरते. माझ्याच पांघरुणावर, माझ्या पायाशी, ती रोज निजते तिथे. निशिओका हे ऐकून रडल्या. मी त्यांना म्हणाले, “तुम्ही रडा, पण या.” त्या येईन म्हणाल्या आहेत.

तेत्सुची राख कपाटात, खालच्या कप्प्यात, निळ्या बरणीत आहे. ती आणि सुमिची राख माझ्या अस्थिकलशात घालावी. घराण्याच्या थडग्यात जनावराची राख चालत नाही, असे देवळातले पुजारी म्हणतात. त्यांना विचारत बसू नये. विचारले की ते नाही म्हणतील.

कलम ९. माझ्या प्रेताशेजारी मांजरांना येऊ द्यावे. छातीवर सुरी ठेवू नये, कोणी तिच्यावर उडी मारली तर कापेल. तोमोबिकि आला तर मला खुशाल दोन दिवस बर्फावर ठेवा, माझी घाई नाही. पण मांजरांना कोंडू नये.

कलम १०. हे कलम आज सह्यांच्या आधी घातले आहे.

वन्संना मी साक्षीला बोलावणे धाडले होते. त्या चांगला किमोनो घालून आल्या, स्वतःचा शिक्काही आणला. श्री. कुवाता म्हणाले, “तोमिए आजी, तुम्हाला बाहेर बसावं लागेल. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही.”

“मला काय मिळतंय?”

“घर,” ते म्हणाले.

“आणि मांजरं,” मी म्हणाले.

त्या उठून बाहेर गेल्या, कागदी दारापलीकडे ओसरीच्या फळ्यांवर बसल्या. मग श्री. कुवातांनी सगळा कागद मोठ्याने वाचला. पाचवे कलम वाचताना ते अडखळले. मी म्हणाले, “मोठ्यानं वाचा. त्यांना कमी ऐकू येतं.” वाचून झाल्यावर दारापलीकडून आवाज आला.

“फुसाए.”

इतक्या वर्षांत त्यांनी माझे नाव घेतले नव्हते. “काय?”

“किल्ली माझ्या कमरेलाच होती.”

“ठाऊक आहे मला.”

“मी भ्याले गं. वाटलं, खरंच एखादं मांजर त्याच्या अंगावरून जाईल आणि शिगेयुकि उठून बसेल.” मग म्हणाल्या, “उठला असता तर बरं झालं असतं, हे नंतर सुचलं.”

हाचि उठून दारापाशी गेला आणि कागदाला नाक लावून त्यांच्या खिशाचा वास घ्यायला लागला.

“दार उघडं ठेवीन,” त्या म्हणाल्या. “पण मांजर तुझ्या अंगावरून गेलं आणि तू उठून बसलीस तर?”

“तर पहिलं विचारीन, हाचिला झाली का?”

“झाली म्हणून सांगेन.”

“बघून सांगा,” मी म्हणाले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच आहे, त्यात खाडाखोड नाही.

ठिकाण: मिनोउरा, राहते घर
तारीख: १७ ऑक्टोबर, रेइवा ६ (सन २०२४)

ओचि फुसाए (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. निशिओका काओरु, जनावरांच्या डॉक्टर (सही व शिक्का)
२. हामासाकि र्योझो, शेजारी, निवृत्त पोस्टमन (सही व शिक्का)

कुवाता मोतोहारु, नोटरी (सही व शिक्का)

नोंद: ओचि तोमिए या वेळी दाराबाहेर होत्या. त्यांची सही घेतलेली नाही. निघताना त्यांनी खिशातले सुके मासे काढून श्री. हामासाकि यांच्याकडे दिले.